अप्पांची मूठ आणि निळा दिवा

माझ्या मैत्रिणीने मला पुण्यात जो किडा दाखवला, त्याने आमच्या घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या माणसाने केलं नसेल. किड्याचा दोष नाही म्हणा. तो बिचारा आपला वळवळत होता.

आम्ही दोघी सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात एकाच बाकावर होतो. झुरळ ती कापायची, आकृती मी काढायचे. पुढे मी इथेच शाळेत विज्ञान शिकवू लागले, ती पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. एकदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने सूक्ष्मदर्शकाखाली एक बशी सरकवली. दोऱ्याच्या तुसाएवढे किडे नागमोडी फिरत होते. तिने निळा दिवा लावला आणि सगळे जागच्या जागी ताठ झाले. दिवा बंद केला, तर काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा चालू पडले. मी चक्क ओरडले. परत कर म्हटलं, तिने परत केलं. या किड्यांच्या अंगात शेवाळातलं एक जनुक घातलंय, म्हणून त्यांच्या स्नायूंना उजेड कळतो, साध्या किड्याला या दिव्याचं काही सोयरसुतक नाही, हेही तिनेच मला समजावलं.

त्यानंतर काही वर्षांनी अप्पांना, माझ्या वडिलांना, लकव्याचा झटका आला. डावी बाजू गेली. वळसंगचं शेत वाट्याने देऊन ते माझ्याकडे सोलापुरात राहायला आले. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला, पण डावा हात मूठ आवळून बसला तो बसलाच.

आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, तळव्यावर ठेवायचं, उजव्या हाताने विभूती लावायची, मगच तोंडात घास. अप्पांनी हे एक दिवस चुकवलं नव्हतं. आता मी माझा तळवा पुढे करायचे आणि त्यावर ते पूजा करायचे. असं चालतं की नाही, मी कुणाला विचारायला गेले नाही. अप्पाच एक दिवस म्हणाले, "माजा देव किती दिस दुसऱ्याच्या हातावर ठिवायचा गं?" मी 'दुसरी' झाले याचा मला राग आला. पण त्यांना एवढंच हवं होतं. चालणं नको, धावणं नको, तळवा उघडावा आणि त्यावर लिंग बसावं.

दवाखान्यात फिजिओथेरपी सुरू केली होती. बोटं उघडताना अप्पा कळवळायचे, घरी येऊन मला शिव्या घालायचे. पण करायचे. अंगठा थोडा सैल होऊ लागला होता.

तेवढ्यात मैत्रीण पुण्याचं काम सोडून सोलापूरला परत आली आणि तिने प्रकाशाने लकवा बरा करण्याचं केंद्र काढलं. पहिल्यांदा आली ती आमच्याकडेच. ती कॉलेजपासून त्यांना अप्पाच म्हणायची. त्यांच्या शेजारी बसून तिने फोनवर तेच किडे दाखवले. ताठ झालेले, मग चालू पडलेले. अप्पांचे डोळे विस्फारले.

"आयला! किड्याला जमतंय तर मला न जमायला काय झालं?"

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, पण ते जनुक? अप्पांच्या अंगात कुठलं आलंय शेवाळाचं जनुक?"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्याची आता गरज लागत नाही. शास्त्र खूप पुढे गेलंय. आणि ते व्यायाम बंद कर आधी, दमलेल्या स्नायूला प्रकाश लागू पडत नाही."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण ही ती होती. ते किडे मी तिच्याच प्रयोगशाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

मग व्यायाम बंद, आणि रोज संध्याकाळी रिक्षा, केंद्र, निळा दिवा. अप्पा हात दिव्याखाली धरून अगदी शहाण्या मुलासारखे बसायचे. हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं. मूठ सैल व्हायच्या ऐवजी आवळतच गेली. मी काही म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "स्नायू जागे होतायत, धीर धर." शेवटी बोटांची नखं तळव्यात रुतून जखम झाली, वास येऊ लागला, तेव्हा मी अप्पांना उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, व्यायाम सोडला नसता तर हात बराच मोकळा झाला असता. आता जखम भरेल, नखं रुतणार नाहीत इतकी बोटं उघडतील. तळवा सपाट होण्याची आशा नको. अप्पांनी सगळं ऐकलं आणि डॉक्टरांना विचारलं, "तरीबी व्यायाम करू न्हवं?"

आम्ही व्यायामाच्या हॉलमध्ये गेलो. खिडकीपाशी माझी मैत्रीण बसली होती. समोर चाकाच्या खुर्चीत तिची आई, तोंड एका बाजूला ओढलेलं. मैत्रीण आईचं एकेक बोट उघडत होती, दाबून धरत होती, पुन्हा उघडत होती. फार मन लावून करत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"अगं, तू हितं कशी? आईला काय झालं?" अप्पांना खरंच काळजी वाटली.

"झटका आला, अप्पा. मागच्या महिन्यात."

"मग हितं कशाला आणलीस? तुज्या दिव्याखाली बसीव की."

त्यांच्या बोलण्यात काडीची खोच नव्हती. ती खाली बघत म्हणाली, "मशीन दुरुस्तीला गेलंय, अप्पा. बरेच दिवस झाले."

काल संध्याकाळी अप्पा त्याच मशीनखाली बसले होते. तिनेच बटण दाबलं होतं.

'केसाने गळा कापणे'चा वाक्यात उपयोग मी शाळेत असताना कितीदा केला होता, अर्थ त्या दिवशी कळला. अप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्या आईच्या उघडलेल्या बोटांकडे, आणि पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

परतताना रिक्षात मी तिच्याबद्दल नाही नाही ते बोलत सुटले. पोलिसांत जाईन, केंद्राला टाळं ठोकीन. अप्पांनी मला थांबवलं.

"बोलू नगंस. आई हाय ती तिची."

"आणि तुम्ही माझे कोण?"

"त्ये बी ठावं हुतं की तिला," अप्पा म्हणाले.