अम्मी, तू प्रेक्षकांत बस

टेम्पोत माझी गादी चढली तेव्हा अब्बा नुसती दोरी आवळत होते. गादी त्यांनीच भरलेली, आमच्या कसबा पेठेतल्या दुकानात, नवा कापूस घालून. अम्मी मात्र गल्लीभर ऐकू जाईल अशी रडत होती. "अगं, धायरीलाच चाललीये, दुबईला नाही," अब्बा म्हणाले. तिने ऐकलं तर ना! "नाचाचा पहिला कार्यक्रम बिघडला तर सरळ घरी परत यायचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. नाहीतर टेम्पो हललाच नसता.

मला गोष्टी हळू समजतात. वाचताना ओळ हरवते. म्हणून हे मी फोनमध्ये बोलतेय आणि आमचे कार्यक्रम ठरवणारी मेघना उतरवून घेतेय. माझी वाक्यं नीटनेटकी करायची नाहीत, असा तिला दम दिलाय. शाळेनंतर वर्कशॉपमध्ये पणत्या रंगवत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी आहे. पणत्यांवर माझा राग नाही, पण बारा महिने दिवाळी कोण करतं? अम्मीलाही ऐकवणार आहे.

आठवतं ना, गॅदरिंगला आपण कशा नाचायचो? बाई विंगेत उभ्या राहून हातवारे करायच्या आणि आपण सगळ्या माना तिरक्या करून त्यांच्याकडे बघत नाचायचो. प्रेक्षकांना आपले कान तेवढे दिसायचे! माझ्यासाठी तर बाईंच्या शेजारी अम्मीही असायची. घरी पाहुणे आले की तीच बोलायची, "हिला नाही हो कळत काही." मी समोरच सरबत घेऊन उभी.

धायरीत मी आणि सोनल राहतो. तीही माझ्यासारखीच, नाचणारी. कार्यक्रम मिळवणं, करार समजावून सांगणं, तालमीला जागा बघणं हे मेघनाचं काम. नाच मात्र आमचा आम्ही बसवायचा. मी अडकले की ती चक्क पाठ फिरवून बसते. सुरुवातीला फार राग यायचा. संयोजक तिला विचारायचे, "यांना लाइट किती चालेल?" ती म्हणायची, "त्यांना तोंड आहे की. विचारा." मग मला बोलावंच लागायचं. मेली! मेघना, हेही लिही.

पहिला नाच मी अब्बांवरच बसवला. काठीने कापूस झोडायचा, तो उडणार, नाकात जाणार, मग शिंकायचं, पुन्हा झोडायचा. शिंकसुद्धा मीच ठरवलेली.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर गेले आणि विंगेत बघते तर कोण? अम्मी! हात वर करून गॅदरिंगचा जुना नाच दाखवत होती. तिला वाटलं, मला आठवणार नाही. सवयीने माझी मान तिकडे वळली आणि खरंच सगळं विसरले. गेलं आता धायरीचं घर, एवढंच डोक्यात.

मग मी मोठ्यांदा म्हणाले, "अम्मी, हा नाच तुला येत नाही. तू प्रेक्षकांत जाऊन बस."

लोक हसले. त्यांना वाटलं, नाचातलंच आहे. अम्मीचे हात जरा वेळ तसेच वर राहिले. मग ती खाली जाऊन अब्बांच्या शेजारी बसली. मी पहिल्यापासून सुरू केलं. शिंकेला सगळ्यात मोठ्यांदा अब्बा हसले.

त्यानंतर बरेच दिवस अम्मी माझ्याशी बोलली नाही. मलाही वाईट वाटलं, पण परत जायचा विषय तिनेही काढला नाही. आता मला दुसऱ्या गावांहून बोलावणी येतात, शनिवारी मी मुलांचा क्लास घेते. अम्मीच्या हातच्या गहू-मटणाच्या खिचड्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू? सोनलच्या वरणाला अजून चव यायची आहे.

कसबा पेठेत माझ्या खोलीची कडी अम्मीने काढून टाकली होती, मला आत काही झालं तर म्हणून. कधीही यायची, काहीही आवरायची. परवा दुपारी धायरीला बेल वाजली. माझे हात पिठात. "थांबा जरा!" म्हणून ओरडले. दार उघडलं तर अम्मी, हातात डबा.

"अगं, किल्ली दिलीये ना तुला?"

"आहे की पर्समध्ये," ती म्हणाली. "पण तुझं घर आहे. येऊ का आत?"