आईच्या मंजिऱ्यांचं जंगल

यार, आज मी वाट लावली.

टेबलावर मांडून खेळायच्या आमच्या युद्धाच्या गेमसाठी चिमुकलं जंगल हवं होतं. सकाळी फ्रिजवरच्या पुडीत तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या सापडल्या. बोटाएवढी आयती झाडं! चोळून बी कचऱ्यात झटकलं, हिरवा रंग मारला, बोर्डवर चिकटवली. झकास!

दुपारी आई पुडी शोधायला लागली. गावचं घर विकताना अंगणातल्या तुळशीचं बी म्हणून तिने त्या आणलेल्या. आज मुलुंडच्या खिडकीतल्या कुंडीत पेरणार होती.

कचरा केव्हाच गेलेला.

शोधता शोधता ती माझ्या टेबलापाशी थांबली. "झाडां बरी केलंस गो. अगदी मंजिऱ्यांसारखी दिसतत."

मी "थँक्यू" म्हणाले.

ती अजून शोधतेय, आणि मी तिला सांगायचं सोडून तुम्हाला सांगतेय. तोंड कसं उघडू?