पद रिक्त नाही

अन्याय झाला तो माझ्या चुलत वहिनीवर. कधी, तर सोयाबीन काढणीच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. कळा सुरू झालेल्या, आणि आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप. गाव तामलवाडीपासून आत. रस्ता असा, की टमटमपेक्षा चालणारा माणूस आधी पोचतो. हमरस्ता लागायच्या आधीच टमटममध्ये बाळ झालं. चुलतीनं लुगड्याचा आडोसा धरला. दोघं जगली, त्यात सरकारचा काडीचा वाटा नाही.

तिसऱ्या दिवशी माझं पत्रक छापून आलं. ‘नर्सचं पद रिक्त, आमदार मुके!’ बाजारात उभा राहून मीच वाटलं. राग होताच, पण भीतीही होती. माझी सख्खी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. दिवस संक्रांतीनंतरचे.

आमदारांनी बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीनंच गेलो. ते सत्तेच्या बाजूचे, पण मंत्री नाहीत, कुठल्या महामंडळावरही नाहीत. समोर लग्नपत्रिकांचा ढीग, बदलीसाठी शिफारसपत्र मागणारे मास्तर, आणि गावचा विजेचा डीपी जळाला म्हणून सकाळपासून बसलेला एक म्हातारा.

“तुमी मंत्री असता तर एका फोनात नर्स आली असती,” मी तोंडावर म्हणालो.

“व्हय, आली असती. न्हाय ना मी मंत्री. मला हुकूम सोडता येत न्हाय, विचारता येतं. मुका म्हणून लिवलंस ते ऱ्हाऊ दे. पण तू वार लिवलास, वेळ लिवलीस. हितं दिवसभर माणसं येत्यात, ‘साहेब, लई हाल हायेत’ म्हणत्यात. नुसत्या हालाचा प्रश्न व्हत न्हाय, लेका.”

विधानसभेतल्या प्रश्नाची एक ठरलेली घडण असते, हे मला त्या दिवशी कळलं. ‘हे खरे आहे काय’ असं विचारायचं, मग ‘असल्यास’ म्हणून पुढं जायचं. त्यांनी माझं पत्रक समोर ठेवून मजकूर केला: सदर उपकेंद्रातील परिचारिकेचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ते केव्हा भरण्यात येणार आहे? माझी उद्गारचिन्हं सगळी गळाली. मला ते अळणी वाटलं.

हिवाळी अधिवेशनात नागपूरहून छापील उत्तर आलं. पहिल्या भागाला, ‘हे खरे नाही.’ दुसऱ्याला, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मी पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं.

“उद्भवत न्हाय म्हणं!” चुलती कडाडली. “नातू उद्भवला की टमटममधी. आता त्येला कुठं परत घालू?”

सगळे हसले, मी नाही. “सरकार धडधडीत खोटं बोलतंय,” मी म्हणालो. पुढच्या पत्रकाचा मथळाच तो. तेव्हा घरोघर फिरून बायका-पोरांच्या तब्येतीची नोंद ठेवणाऱ्या आमच्या आशाताई हळूच बोलल्या.

“खोटं न्हाय ते. पद भरलेलंच हाय. नर्सबाईंचा पगार आपल्याच गावच्या नावावर निघतो. त्यांना प्रतिनियुक्तीवर तालुक्याला नेलंय, कॉम्प्युटरवर माहिती भरायला. दोन वर्सं झाली.”

“मग मला आधी का न्हाय सांगितलं?”

“तुमी विचारलं कुठं? तुमी पत्रक दिलं हातात.”

रिक्त हा शब्द माझा होता. दाराला कुलूप दिसलं, मी पद रिक्त ठरवून टाकलं. आणि माझ्या त्या शब्दावर विसंबून एक माणूस स्वतःच्याच सरकारपुढं उभा राहिला होता. मी नागपूरला आमदारांना फोन लावून चूक सांगितली. पलीकडं कपबशांचा आवाज, त्यातूनच ते बोलले.

“आमच्याच बाजूची लोकं हसली रं मला. म्हणली, माहिती घेऊन येत चला.”

वाटलं, आता फोन ठेवतील.

“बरं, आता नीट सांग. प्रतिनियुक्ती कधीपासून, कुठल्या कार्यालयात? न्हाय, तू नगं. आशाताईंना दे फोन.”

दोन दिवसांनी ते औचित्याचा मुद्दा मांडायला उठले. म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीनं मिळणारी दोन-एक मिनिटं. आम्ही मोबाइलवर बघत होतो. निम्मी बाकं रिकामी, मंत्री शेजाऱ्याशी बोलण्यात. त्यांनी वार सांगितला, दहा वाजून वीस मिनिटं सांगितली. म्हणाले, “पद भरलेलं आहे, पण पदावरचं माणूस गावात नाही. माझा प्रश्न चुकला होता, अध्यक्ष महोदय. त्या बाईचं दुःख चुकीचं नव्हतं.” घंटा वाजली, बसले. कुणी बाक वाजवलं नाही. ‘माझा प्रश्न’ म्हणाले. माझ्यावर ढकलायला त्यांना काय लागलं असतं?

त्यानंतर ते तीनदा मंत्र्यांच्या दालनाबाहेर ताटकळले, असं त्यांच्या सहायकानं सांगितलं. प्रतिनियुक्ती रद्द झाली. संक्रांतीच्या आधी नर्सबाई गावात आल्या. “मला तरी तिथं बसायची हौस होती का?” एवढंच बोलल्या आणि कामाला लागल्या. बहिणीचा रक्तदाब त्यांनी मोजला, तो चढलेला निघाला. त्याच दुपारी गाडी बोलावून त्यांनी तिला सोलापूरला धाडलं. भाची दवाखान्यात, खाटेवर, डॉक्टरांच्या हातात जन्मली.

शेजारच्या गावच्या नर्सबाई मात्र अजून तालुक्यालाच आहेत. म्हणून आता तुम्ही. उद्या सकाळी आपल्या गावच्या उपकेंद्रात जा. तिथं कोण असायला हवं, ते कुठं आहे आणि कधीपासून, हे आशाताईंना विचारा, कागदावर लिहा, आणि अधिवेशनाच्या दोन महिने आधी आपल्या आमदाराच्या हातात द्या. तो मंत्री नाही म्हणून घरी बसू नका. आणि देऊनही त्यानं विचारलं नाही, तर मतं मागायला येईल तेव्हा चारचौघांत उभा करा आणि का नाही विचारलं ते सांगितल्याशिवाय सोडू नका.