आई अख्खी दिसली तो दिवस

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शांती नगरातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये माझी आई काही पूर्ण उलगडेना. म्हणजे मी करत असलेली आई हो! काळं पडलेलं मासेमारीचं जाळं, गोणपाट, फुटक्या बांगड्या आणि तिच्याच लुगड्यांचे तुकडे शिवून, चिकटवून केलेला भला थोरला चेहरा. मिक्स्ड मीडिया म्हणतात याला. आई असती तर भंगार म्हणाली असती. कपाळ उलगडलं की हनुवटी कॉटखाली! आणि दुसऱ्याच दिवशी हे सगळं शहरातल्या एका गॅलरीत निवडीसाठी न्यायचं होतं. निवडलं तर माझं पहिलं प्रदर्शन. लांबून तो चेहरा दिसतोय की नुसता ढीग, हे मलाच ठाऊक नव्हतं.

आम्ही सिद्दी, मुरुडकडचे. पूर्वज आफ्रिकेतून आले त्याला शतकं लोटली, तरी बिल्डिंगमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "आप अफ्रीका से हो क्या?" मी फाडकन मराठीत सुनवायची. आई मात्र अशा वेळी जन्मभर मान खाली घालून गप्प राहिली. भयंकर राग यायचा मला तिचा. म्हणून या चेहऱ्याचं तोंड मी उघडं ठेवलं होतं. जाळ्याला मुळातच एक भोक होतं, ते बरोबर ओठांच्या जागी आणलं.

जाळं दिलं होतं भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या माझ्या मासळीवालीनं. तिलाच अडचण सांगितली. "मंग आमच्या गावाला, तारोडीला ये ना," ती म्हणाली, "वलांड्या रिकाम्याच हायत." वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या उंच चौकटी. गुंडाळी खांद्यावर टाकली नि सुटले!

दोघींनी मिळून ती वर बांधली. मी पार घरांपर्यंत मागे गेले आणि वळले. या अल्ला, आईच! तोंडातून पलीकडचा समुद्र चमकत होता. मी अक्षरशः नाचले. मासळीवालीनं हसत हसत मला घरात चहाला ओढून नेलं.

परत आले तर तोंड गायब! तिचे म्हातारे सासरे स्टुलावर उभे राहून जाळं विणायच्या सुईनं शेवटची गाठ मारत होते. भोक निळ्या नायलॉननं गच्च बुजलेलं.

"काका, काय केलंत हे!" मी किंचाळलेच.

"फाटलं व्हतं, बाय. शिवलं," ते खुशीत म्हणाले. फाटकं जाळं दिसलं की त्यांचे हात थांबायचेच नाहीत.

"अहो, तोंड होतं ते! माझ्या आईचं! उभ्या जन्मात बोलली नाही बिचारी, आणि तुम्ही तिचं तोंडच शिवलंत!" मला रडू फुटलं.

ते खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि तिथून पहिल्यांदा वर बघितलं. त्यांचा चेहराच पडला. "आये गं," ते पुटपुटले. कमरेचा चाकू काढून पुन्हा स्टुलावर चढले. निळी वीण कापून झाली तरी थांबेनात. चांगलं जाळंही दोन्हीकडे कापत गेले, गालांपर्यंत.

"काका, बस! पुरे!"

"न्हाय, बाय. येवढी वर्सं गप बसली ना? मंग आता मोठ्यानं बोलू दे तिला."

मी पळत घरांपर्यंत गेले आणि वळून बघितलं. एवढं मोठं तोंड तिला द्यायची माझी हिंमतच झाली नव्हती. गॅलरीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी तिला निवडलं, पण खरं सांगू, मला त्याची पर्वा उरली नव्हती. भर उन्हात, सगळ्या तारोडीसमोर, माझी आई तोंडभर ओरडत होती.