फ्रिजमधला गाळ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी स्वयंपाकघरात धावले आणि फ्रिज चालू आहे का ते पाहिलं. आदल्याच दिवशी दवाखान्यात ती म्हणाली होती, "पाइप आडवाच ठेवजो, रंजू. लाइट गेली तर घाबरू नोको, फक्त दार उघडू नोको." मी जन्माची भित्री, हे तिला ठाऊक होतं.

वंदनाताई, माझी थोरली बहीण, जुन्या परागकणांचा अभ्यास करायची. कोंढ्याजवळच्या आमच्या गावच्या तलावात एक बेट आहे. त्याच्या कडेच्या चिखलात ती पाइप ठोकायची आणि गाळ थरांसकट वर काढायची. शेवटच्या वेळी, आजार अंगात असताना, ती मांडीपर्यंत रुतली; मी काठावर रडकुंडीला आलेली आणि ही हसतेय! वरचा थर आपला, खालचा फार जुन्या लोकांचा, असं ती सांगे. बेटावर धान कधी पेरला, गुरं कधी चरली, हे त्यातल्या परागकणांवरून आणि शेणावरच्या बुरशीवरून कळतं म्हणे. आजची धूळ आत शिरली की मेहनत वाया, म्हणून पाइप उघडण्याआधी ती पंखा बंद करून खिडक्या लावायची. हा शेवटचा, हातभर लांबीचा पाइप मात्र उघडायचा राहूनच गेला. गरमीत गाळाला नवी बुरशी धरते, म्हणून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो फ्रिजमध्ये सांभाळायचा होता... मला. वीज गेली की मी फ्रिजच्या दारापाशीच बसून राहायची.

गेल्या आठवड्यात साकोलीहून घरी आले तर फ्रिजमध्ये पाइप नाही. मागच्या अंगणात, ताईच्या अस्थी खड्ड्यात घालून लावलेल्या जांभळाच्या रोपापाशी आई बसली होती. हातात पाइप, टोपण काढलेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचा गाळ धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, टाकतात. आईच्या लेखी गाळ म्हणजे खत.

"तिनं काढलेली माती हाय," आई म्हणाली. "तिच्याच झाडाले घालून राहिली. फ्रिजात ठेवून कोणाच्या कामाची?"

मी पाइप काढून घेतला. चार बोटं गाळ गेला होता, पण वरच्या टोकाकडचा. खालचं, जुनं सगळं शाबूत होतं. जीव भांड्यात पडला... आणि मग लक्षात आलं, वरचा थर म्हणजे आपला. लहानपणी ताई आणि मी त्या बेटावर शेळ्या चारायचो. ते दिवस आता त्या रोपाच्या मुळाशी आहेत.

पाइप नागपूरला प्रयोगशाळेत गेला. फ्रिजची भीती संपली, रोपाची सुरू झाली. काट्यांचं कुंपण केलंय, तरी गल्लीत कुणाची शेळी मोकळी दिसली की मी काठी घेऊन अंगणात उभी राहते.