स्कार्लेटवरची सही

स्कार्लेट म्हणजे नुसता लाल नव्हे, हे मला नवव्या वर्षी थोबाडीत खाऊन कळलं. शाळेच्या वहीत मी अर्थ लिहिला होता, 'लाल'. बाबांनी वही बघितली, फाडकन एक ठेवून दिली, आणि मग दोन चिंध्या माझ्या नाकासमोर धरल्या. "ही बघ. शेंदराची झाक आहे ना? ही स्कार्लेट. आणि ही निळ्याकडे झुकतेय, ही क्रिमसन. आंधळी आहेस का?" शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. मला रडायचीसुद्धा लाज वाटली.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये रंगमास्तर होते. इंग्रजीचं एक वाक्य धड वाचता यायचं नाही, पण रंगांची इंग्रजी नावं मात्र चाळीस-पन्नास तोंडपाठ, सगळी शेड कार्डांवरून शिकलेली. आणि ऐट तर विचारूच नका! कुणाच्याही लग्नात गेले की नवरीच्या शालूला नावं ठेवून यायचे. "मरून सांगून विकलाय, भिया, और ये मरून है ही नहीं!" आई दातओठ खात म्हणायची, "आता पुरे की!" तरी बस्ता बांधायला जाताना लोक बाबांनाच बरोबर न्यायचे.

मिलमध्ये एक रीत होती. कापड रंगून वाळलं की त्याची चिंधी कापायची, उत्तरेच्या खिडकीत उजेडाला धरायची, आणि ती कागदावर चिकटवून रंगमास्तरची सही झाल्याशिवाय माल हलायचा नाही. मॅनेजर असो नाहीतर मालकाचा जावई, खिडकीपाशी येऊन गुमान उभा राहायचा. बाबांचा सगळा रुबाब त्या खिडकीत होता.

मग मिल बंद झाली. एकामागून एक सगळ्याच झाल्या. बाबा तीन वर्षं घरात बसले आणि त्यांनी आम्हाला नुसतं छळलं. भाजीत मीठ कमी, पडदे विटलेले, माझं टायपिंग फालतू. मी तेव्हा बी.कॉम. होऊन सांवेर रोडवर एका रेडीमेडच्या कारखान्यात लागले होते. बाजार खुला झाला होता, परदेशच्या ऑर्डरी येत होत्या आणि सेठजींना इंग्रजी पत्रं टाइप करायला माणूस हवं होतं. त्यांच्या हातापाया पडून मी बाबांना तिथे चिकटवलं. कापड बाहेरून रंगून यायचं. बाबांनी शेड तपासून सही करायची, बस. पहिल्या दिवशी टेम्पोत कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि मलाच म्हणतात, "तिथे बाबा म्हणू नकोस. मास्टरजी म्हण."

सहा महिने बरे गेले. मग टोप्यांसाठी नुसत्या कापडाची मोठी ऑर्डर आली, रंग स्कार्लेट. माल तयार, ट्रक फाटकात उभा, आणि बाबा चिंधी घेऊन खिडकीत. "ये स्कार्लेट नहीं है, सेठजी. क्रिमसन है. रंगाईवाले को लौटाओ." सेठजींनी आधी हसण्यावारी नेलं, मग समजावलं, मग आवाज चढवला. बाबा हलेनात. त्यांना वाटत होतं अजून मिलच चालू आहे. अहो, तिथे त्यांच्या नजरेशी कुणाला काय देणंघेणं? खरेदीदाराच्या कागदांत तपासणाऱ्याची सही लागायची, म्हणून ती हवी होती.

सेठजींनी मला हाक मारली. कटिंगचा अख्खा हॉल कात्र्या थांबवून बघत होता.

"मैडम, आप तो इंग्लिश पढ़ी हो. डिक्शनरी में देखो, स्कार्लेट का मतलब?"

"चमकीला लाल, सर."

"और ये क्या है?" त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली.

मला स्वच्छ दिसत होतं. निळी झाक, क्रिमसन, शंकाच नाही. आता म्हणायला म्हणेन की मी दोघांची नोकरी वाचवायला बघत होते. खोटं आहे ते. त्या घटकेला मला बाबांचा भयंकर राग आला होता, लहानपणापासूनचा साचलेला. एकदा तरी चारचौघांत यांचं नाक कापलं जाऊ दे, असं मनापासून वाटलं.

"यही तो स्कार्लेट है, सर," मी म्हणाले. "मास्टरजी को अब ठीक से दिखता नहीं होगा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी चिंधी परत घेतली, खिडकीत धरली, उलटीसुलटी केली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं चिडतील. ते घाबरले होते. त्यांनी सही केली आणि ट्रक गेला.

परतताना टेम्पोत बाबांनी हळूच विचारलं, "तुला नक्की तशीच दिसली?"

"हो."

"नीट बघितलंस ना?"

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सेठजींना सांगितलं की नजर गेली, आता सही करणं बरोबर नाही, आणि काम सोडलं. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण मग ते तडक जाऊन भांडले असते आणि माझी नोकरी गेली असती. म्हणून बोलले नाही. महिन्याभरात फॅक्स आला: रंग फार आवडला, आणखी पाठवा. सेठजींनी सगळ्यांना गरमागरम कचोऱ्या खिलवल्या. मी दोन खाल्ल्या.

घरात बाबांनी कुणाला नावं ठेवायचं सोडलं. दुकानात गेलो की साडीचा पदर माझ्यापुढे करून विचारायचे, "हा कुठला गं?" आणि मी सांगायची.

शेवटी आईनं धोशाच लावला म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, त्यांत दडलेला एकेक आकडा विचारला. बाबांनी एकही चुकवला नाही.

"अंकल, रंग तो आपको एकदम बढ़िया दिखते हैं," डॉक्टर म्हणाले. "आँखों में कोई खराबी नहीं."

बाबा समजुतीनं हसले आणि उठले. "रहने दो, डॉक्टर साहब. मेरी बेटी ने खुद देखा है."

मी त्यांची पिशवी उचलली आणि दार उघडलं.