काचवाल्यांची उजेडाची खोली

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान काचेच्या दारांच्या दुकानात विक्रेते आहेत. सगळी गल्ली त्यांना काचवाले म्हणते. मी नात्याने भाऊजी म्हणतो, पण मनात काचवालेच. ‘भिंत म्हणजे भित्र्या माणसाची सोय’ हे वाक्य ते गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवत आले आहेत, की शेवटी ते त्यांना स्वतःलाच पटलं. मग त्यांनी घराची पश्चिमेची धडधाकट भिंत पाडली आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत सरकती काचेची दारं बसवली. दुकानात कुणी का-कू करायला लागलं की त्याला सरळ घरी आणायचं, त्या खोलीच्या मधोमध उभं करायचं आणि म्हणायचं, “बघा उजेड!” अर्थात सकाळी. दुपारी त्यांनी आजवर कुणालाही आणलेलं नाही.

कारण उन्हाळ्याच्या दुपारी त्या खोलीत मी प्लास्टिकची फुलं माना टाकताना पाहिली आहेत.

उपाय झाले नाहीत असं नाही. पंखा आणला, तो या कोपऱ्यातली गरम हवा त्या कोपऱ्यात नेऊन पोचवू लागला. बर्फाची परात ठेवली, तिची पाण्याची परात झाली. वारा यावा म्हणून भर दुपारी दारं सताड उघडली, तर रस्त्यावरची झळ पाहुणीसारखी आत येऊन बसली. आणि रोज सकाळी भाऊजी जुन्या वर्तमानपत्राने काच घासून लख्ख करायचे. ऊन अडवायला निदान धूळ होती, तीही त्यांनी ठेवली नाही.

मी पडदे शिवतो. त्यामुळे मी काही सुचवलं की त्यांना वाटायचं, मेहुणा धंदा शोधतोय. शेवटी मी आपणहून जाड, गडद पडदे शिवून नेले आणि आतून टांगले. संध्याकाळी ते बाजूला सारले, तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी धग तोंडावर आली. चोर घरात शिरल्यावर मी कडी घातली होती. भाऊजींना इतकं खूश मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

“अहो, बाहेरून लावा ना काहीतरी,” बहीण म्हणाली. “चटई लावा, ताडपत्री लावा.”

“बाहेरून? मग गिऱ्हाइकाला काय दाखवू, चटई?”

त्यांचं एक गिऱ्हाईक होतं, रोपवाटिकेवाला. तो उन्हाळा लागला की आपल्या काचघराला बाहेरून चुन्याचं पाणी फासायचा. “रोपांना सोसत नाही हो,” म्हणायचा. भाऊजी हा किस्सा चारचौघांत नक्कल करून सांगायचे आणि स्वतःच सगळ्यात आधी हसायचे.

अशातच त्यांची ताई राहायला आली. आई लवकर गेल्यावर तिनेच भाऊजींना लहानाचं मोठं केलेलं. आता वय झालेलं, आजारातून नुकती उठलेली, घरी दुसरं कुणी नाही. तिने यापुढे एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊजींनी तिला कायमची आणायचं ठरवलं आणि घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. कोणती, ते सांगायला नको.

“ताई, कशी आहे खोली?”

“छान उजेड आहे रे बाळा.”

रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. आणि एक दिवस ताईने बॅग भरायला घेतली. “तिकडे माझ्या कुंड्या सुकतील,” म्हणाली. त्या कुंड्या ती येतानाच शेजारणीला देऊन आली होती, हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं.

“माझ्याकडे तिचं मन रमत नाही,” ते मला म्हणाले. काचवाल्यांची मला तेव्हा पहिल्यांदा दया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिची समजूत काढायला घरी गेलो. उजेडाच्या खोलीत कुणी नाही. स्वयंपाकघरात कुणी नाही. न्हाणीघरातून मात्र हसण्याचा आवाज येत होता. भाऊजींनी दार ढकललं. ताई स्टुलावर बसली होती, पाय पाण्याच्या बादलीत आणि मांडीवर शेंगांचं ताट. समोर पालथ्या बादलीवर माझी बहीण. साबणाच्या फळीवर ताईचा चष्मा, औषधांचा डबा आणि छोटा रेडिओ. म्हणजे मुक्काम जुना होता.

“इथे काय करतेस, ताई?”

ताई चोरी पकडल्यासारखी उठायला लागली. “काही नाही रे. शेंगा सोलतेय. तिथे उजेड जरा जास्त होतो.”

“रोज इथेच बसतात त्या,” बहीण म्हणाली. “आणि तुम्ही यायच्या वेळेला तिकडे जाऊन बसतात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

भाऊजी तडक बाहेर गेले, ते चुन्याची पिशवी आणि रुंद ब्रश घेऊनच आले. दुकानात घालायचा कडक इस्त्रीचा शर्ट अंगात तसाच. पश्चिमेच्या उन्हात उभं राहून त्यांनी आपल्या हातांनी त्या लख्ख काचेवर पांढरे पट्टे ओढायला सुरुवात केली. मी ब्रश मागितला, तर दिला नाही. गल्ली जमली.

“काय काचवाले, भिंतच बरी होती ना?” कुणीतरी टोमणा मारलाच.

“बरी होती,” भाऊजी म्हणाले आणि ब्रश पुन्हा बादलीत बुडवला.

ताईची बॅग माळ्यावर गेली. पुढे एका दुपारी एक गिऱ्हाईक न सांगता घरी येऊन टपकलं. पांढऱ्याफटक दारांसमोर उभं राहून मोठ्याने विचारू लागलं, “अहो, ती तुमची काचेची दारं कुठंयत? तो उजेड बघायला आलोय मी.”

भाऊजी लगबगीने पायरी उतरले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला,” ते म्हणाले. “आत आमची ताई झोपलीये.”